इंजिन ऑइल गळतंय, गिअरबॉक्स उतरवायलाच लागेल का?

चौथा_गिअर
शनिवार, रात्री १०:४१

नमस्कार मंडळी. गाडी २१ वर्षं जुनी, पेट्रोल, चार सिलिंडर, आडवं इंजिन, मीटरवर १ लाख ८० हजार किमी, मी तिसरा मालक. गेले दोनेक महिने गाडी काढली की खाली काळा डाग दिसतो, आधी नाण्याएवढा होता आता तळहाताएवढा झालाय. शिवाय लांबून आलो आणि सिग्नलला थांबलो की जळकट वास आत येतो, शेजारी जो कोणी बसलेला असेल त्याचं पहिलं वाक्य, "काय जळतंय?"

गॅरेजला दाखवली. त्यांनी लिफ्टवर घेतली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर बोट फिरवलं, बोट काळं झालं, म्हणाले क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही टाकून घ्या. पाच मिनिटांत निकाल. आकडा ऐकून मी "विचार करून सांगतो" म्हणून गाडी घरी आणली.

१००० किमीला साधारण अर्धा लिटर टाकावं लागतंय. निळा धूर नाही, क्लच घसरत नाही. थोडंफार काम हाताने करता येतं (ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, प्लग). गिअरबॉक्स उतरवायलाच लागेल की आधी काही बघता येईल?

पाना_दहाचा
शनिवार, रात्री ११:०३

पहिला बाळबोध प्रश्न, ते इंजिन ऑइलच आहे ना? रात्रभर खाली पांढरा पुठ्ठा टाक, पुढची चाकं कुठे येतात त्याच्या खुणा पुठ्ठ्यावर करून ठेव म्हणजे डाग कुठल्या भागाखाली पडतोय ते कळेल. तपकिरी-काळं असेल तर इंजिन ऑइल. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल. लालसर असलं तर पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटो गिअरबॉक्सचं. हिरवं-गुलाबी, गोडसर वास म्हणजे कूलंट. नुसतं पाणी असेल तर एसी, मग झोप सुखाने.

जोडावरचं ओलं गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधूनही येऊ शकतं, ते गिअर ऑइल असतं, म्हणून वास घेणं महत्त्वाचं.

तेलकटहात
रविवार, सकाळी ७:२०

अरे थांब, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नकोस कुणाला.

तीस वर्षं हेच केलंय म्हणून सांगतो, थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, तिथे गळतीचा फक्त मुक्काम असतो. ऑइल वरून निघतं, ब्लॉकच्या कडेने, वायरिंगवरून, बोल्टच्या डोक्यावरून ओघळत ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं आणि तिथून ठिबकतं, आणि आडव्या इंजिनात ते खालचं टोक बहुतेक वेळा बेलहाउसिंगचा (इंजिनाला जोडलेलं गिअरबॉक्सचं तोंड, ज्यात क्लच असतो) जोडच असतो. त्यात गाडी चालताना खालून वारा लागतो तो ऑइल मागे फेकतो, म्हणून पुढे गळलेलं मागे दिसतं. खालून बोट फिरवून निकाल देणारा माणूस घाईत असतो एवढंच समजायचं.

मागचं सील जात नाही असं नाही. जातं. पण ते जायच्या आधी वरची सहा-सात ठिकाणं जातात आणि ती सगळी अर्ध्या दिवसात हाताने बघता येतात. बॉनेट उघड आणि वरून खाली ये, सगळ्यात उंच ओली जागा शोध. आधी टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) पॅकिंग, विशेषतः फायरवॉलकडची (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कड, कारण तिथे हात आणि नजर दोन्ही पोचत नाहीत. मग हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला काय आहे ते, डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने करंट देणारा) असेल तर त्याची रबरी ओ-रिंग, कॅम सेन्सर असेल तर त्याची. हेडच्या टोकाला रबरी अर्धचंद्र बुच असतात काही इंजिनांत, ते वाळतात. मग ऑइल प्रेशर स्विच, हा लबाड असतो, रबरातून नाही तर स्विचच्या आतूनच वायरीच्या टोकाशी ऑइल येतं. मग फिल्टरची बैठक. दुसऱ्या बाजूला कॅमचं सील आणि क्रँकचं पुढचं सील. शेवटी चेंबरचं (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) पॅकिंग आणि चेंबरचा नट. हे सगळं कोरडं निघालं तर मग मागच्या सीलचं नाव घ्यायचं.

गाडीत डिस्ट्रिब्युटर आहे की कॉइल प्लगवरच आहेत?

चौथा_गिअर
रविवार, सकाळी ९:१५

काका डिस्ट्रिब्युटर आहे, हेडच्या डाव्या टोकाला, म्हणजे गिअरबॉक्सच्या बरोब्बर वर!! एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फायरवॉलच्या बाजूला आहे.

पुठ्ठा टाकला होता रात्री. काळंच आहे, गंधकाचा वास नाही. अकरा थेंब, त्यातले आठ एकाच जागी.

तेलकटहात
रविवार, सकाळी ९:२२

मग जळका वास मॅनिफोल्डवर पडणाऱ्या ऑइलचा, म्हणजे टॅपेट कव्हरची मागची कड. हे हलक्यात घेऊ नकोस, तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइल साठलं तर पेटू शकतं. आणि बेलहाउसिंगवरचं डिस्ट्रिब्युटरचं असावं, पण असावं म्हणजे आहे असं नाही. आधी धू.

घसरगुंडी
रविवार, सकाळी १०:४०

एवढा उपद्व्याप कशाला, लीक बंद करायचं अ‍ॅडिटिव्ह मिळतं, एक बाटली ऑइलमध्ये ओतायची आणि विसरायचं. माझ्या आधीच्या गाडीत टाकलं होतं, दोन वर्षं चालली. आणि सिंथेटिक ऑइल टाकत असाल तर ते आधी बंद करा, सिंथेटिक पातळ असतं, जुन्या गाडीची सीलं फाडतं.

सील_लावते
रविवार, दुपारी १२:०५

मी रबराच्या सीलच्याच कामात आहे त्यामुळे राहवलं नाही.

अ‍ॅडिटिव्ह खोटं नाही, पण ते काय करतं ते समजून घ्या. सीलचं रबर वर्षानुवर्षं उष्णतेत राहिलं की टणक होतं आणि थोडं आक्रसतं. अ‍ॅडिटिव्हमधली रसायनं ते रबर पुन्हा थोडं मऊ करतात, फुगवतात. त्यामुळे कडक झालेल्या सीलमधून पाझर असेल तर काहीशे किलोमीटरनंतर कमी होऊ शकतो. पण फाटलेलं सील, तुटलेली ओ-रिंग, चपटं झालेलं कॉर्कचं पॅकिंग, वाकलेलं कव्हर यातलं काहीही बाटलीने जोडलं जात नाही. यांच्याकडे बाहेरून हाताला लागणाऱ्या जागा संशयित आहेत, तिथे बाटली म्हणजे वेळ घालवणं.

सिंथेटिकबद्दल, आजचं कुठलंही नावाजलेलं सिंथेटिक सील फाडत नाही. होतं काय की जुन्या इंजिनात सीलभोवती काळा गाळ साठलेला असतो, तोच बुचासारखा बसलेला असतो, चांगलं ऑइल तो गाळ धुऊन काढतं आणि मग आधीपासून असलेली फट उघडी पडते. शिवाय सिंथेटिक म्हणजे पातळ असं नाही, डब्यावरचा ग्रेड बघायचा. ५डब्ल्यू-३० मिनरल असो की सिंथेटिक, तापलेल्या इंजिनात दोघांचा घट्टपणा त्याच पट्ट्यात असतो.

@चौथा_गिअर, तुमच्या अर्ध्या लिटरचा हिशोब करून बघा. ऑइलचे ढोबळमानाने २५-३० थेंब म्हणजे १ मिली. रात्रीचे अकरा थेंब म्हणजे अर्धा मिलीसुद्धा नाही. उभ्या गाडीतून हे एवढंच जातंय, म्हणजे बाकीचं इंजिन चालू असतानाच जातंय, दाबाखाली नाहीतर मॅनिफोल्डवर जळून. म्हणून बंद इंजिनावर टॉर्च मारून पूर्ण चित्र कळणार नाही.

पाना_दहाचा
रविवार, दुपारी १२:३०

ताई हा थेंबांचा हिशोब आपल्याला कधी सुचला नव्हता. मी आजवर पुठ्ठा बघून "थोडंसंच आहे" म्हणत आलोय.

धुण्याबद्दल माझ्याकडून. इंजिन कोमट असताना धू, कडक तापलेल्यावर गार पाणी मारू नकोस. अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिक पिशवीने बांध आणि हे लिहायला लाज वाटते पण चालू करायच्या आधी पिशव्या काढ. डिग्रीझर मारून दहा मिनिटं थांब, जुना दात घासायचा ब्रश घे, कोपरे घास, मग हलक्या धारेने पाणी. प्रेशर वॉशर नको, सीलच्या आणि कनेक्टरच्या आत पाणी जातं. पूर्ण वाळू दे. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर फुंकरीने उडव, अगदी पातळ थर. दहा-पंधरा किमी फिरून ये आणि बघ, पांढऱ्यावर ओघळ कुठून सुरू होतो ते लपत नाही.

तरी सापडलं नाही तर यूव्ही डाय. ऑइलमध्ये टाकायचा, गाडी चालवायची, अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा, जिथून निघतंय तिथे हिरवट-पिवळं चमकतं.

तेलकटहात
रविवार, दुपारी १:१०

आणि धुतल्यावर लगेच पीसीव्ही व्हॉल्व्ह बघ, म्हणजे इंजिनातला गॅस ब्रीदरच्या नळीने इनटेककडे सोडणारा. ब्रीदरची लाइन बंद असेल तर आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो, मग तू कितीही पॅकिंग टाक. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलव, खुळखुळ वाजला पाहिजे.

मीपण_नवशिका
रविवार, दुपारी ३:४८

मध्येच घुसतोय माफ करा. माझी परवाच सर्व्हिसिंग झाली आणि आता चेंबरच्या नटाखाली थेंब येतोय. नट अजून आवळू का?

तेलकटहात
रविवार, दुपारी ३:५५

नाही! आवळत बसलास तर अ‍ॅल्युमिनियम चेंबरचे आटे जातील, मग इन्सर्ट बसवावा लागतो. नटाखालचा वायसर बदलला नसणार, तो एकदाच दबण्यासाठी असतो. नवा टाक. आणि फिल्टरही बघ, जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी ब्लॉकलाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर चढतो, दोन रिंग एकावर एक. दोनचार दिवस ठीक चालतं आणि एक दिवस सगळं ऑइल रस्त्यावर. ऑइलचा लाल दिवा लागला तर "घरापर्यंत जातो" म्हणायचं नाही, जागीच इंजिन बंद.

चौथा_गिअर
रविवार, रात्री ९:३०

झालं! म्हणजे शोधणं झालं.

धुतलं, दोन तास लागले, २१ वर्षांचा चिखल आणि ऑइल मिळून एक डांबरासारखा थर झाला होता, खाली ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर आज पहिल्यांदा वाचता आला. वाळवलं, पावडर मारली, वीस किमी फिरून आलो. बॉनेट उघडलं तर डिस्ट्रिब्युटर हेडला जिथे बसतो तिथे खालच्या अंगाला पावडर ओली होऊन राखाडी झालेली, तिथून बोटभर रुंद ओघळ सरळ खाली बेलहाउसिंगच्या जोडावर. जोडाच्या वरचा सगळा रस्ता दिसत होता. मागची बाजू दिसेना म्हणून छोटा आरसा तारेला बांधला आणि मोबाइलचा टॉर्च मारला, टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला डाव्या कोपऱ्यात ओलं आहे आणि खाली मॅनिफोल्डच्या पत्र्यावर तपकिरी वार्निशसारखे डाग आहेत.

बेलहाउसिंगच्या खालच्या भोकात कापसाचा बोळा घालून बघितला, कोरडा. चेंबरच्या जोडाला किंचित ओलसर आहे पण ओघळ नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला, खुळखुळ वाजतो.

म्हणजे गिअरबॉक्स उतरवून नवं सील टाकलं असतं तरी गळत राहिलं असतं??

तेलकटहात
रविवार, रात्री ९:४४

राहिलंच असतं. आणि मग म्हणाले असते सील डुप्लिकेट निघालं.

आता डिस्ट्रिब्युटरचं ऐक. काढायच्या आधी त्याच्या बैठकीवर आणि हेडवर मिळून एक सरळ रेघ मार, मार्कर पुसला जातो म्हणून खिळ्याने ओरखडा काढ. वायरींना नंबर दे. बॅटरीची वायर काढ. कॅप उघडून आत बघ, आत ऑइल असेल तर ओ-रिंग नाही, शाफ्टचं आतलं सील गेलंय, ते वेगळं काम. आत कोरडं असेल तर फक्त बाहेरची ओ-रिंग. थेट कॅमवर बसणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर बहुतेक वेळा त्याचे खालचे दोन कान मध्यापासून जरा सरकवलेले असतात म्हणून उलटा बसत नाही, पण गिअरवर चालणारा असेल तर एक दाता इकडेतिकडे झाला की गाडी स्टार्ट होणार नाही, तेव्हा रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो काढ. परत लावल्यावर टायमिंग लाइटने तपास, रेघेवर रेघ आली म्हणजे झालं असं समजू नकोस.

सील_लावते
रविवार, रात्री १०:१०

ओ-रिंग घेताना नुसता आकार जुळवून घेऊ नका, रबर कुठलं ते विचारा. साधं नायट्राइल साधारण १००-१२० अंशांपर्यंत टिकतं, त्यापुढे हळूहळू टणक होतं. व्हिटॉन २०० च्या आसपास सहन करतं. डोक्यावरच्या जागेला व्हिटॉन मिळालं तर घ्या. लावताना नव्या इंजिन ऑइलचा हात फिरवा, कोरडी ढकलली तर कडेवर पिळवटून कापली जाते. (क्रँकच्या काही नव्या पीटीएफई सीलांना मात्र ऑइल लावायचं नसतं, ती कोरडीच बसवतात, म्हणून पाकिटावरचं वाचायचं.)

चौथा_गिअर
पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:१२

आज काम केलं. कॅपच्या आत कोरडं होतं. डिस्ट्रिब्युटर दोन बोल्टवर आहे, बोल्ट निघाले पण तो हलेना, डावीउजवीकडे हळूहळू फिरवत ओढला तेव्हा "फक्" करून निघाला. ओ-रिंग बघून हसूच आलं, गोल राहिलीच नव्हती, चारी बाजूंनी चपटी चौकोनी झालेली, नखाने उचकटली तर बांगडी फुटावी तशी तीन तुकड्यांत हातात आली. प्लास्टिक म्हणून खपली असती.

मग टॅपेट कव्हर. आधीच्या कुणीतरी पॅकिंगवर सगळीकडे सिलिकॉन थापलं होतं, दोन तास तेच खरवडण्यात गेले, आतल्या बाजूला सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या.

तेलकटहात
शनिवार, संध्याकाळी ६:२०

त्याच शेवया तुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. गळती थांबवायला गेलेला माणूस इंजिन जाम करून येतो. लोखंडी पात्याने खरवडलं नाहीस ना? अ‍ॅल्युमिनियमवर एक ओरखडा म्हणजे एक नवी वाट.

चौथा_गिअर
शनिवार, संध्याकाळी ६:४१

नाही काका, प्लास्टिकचं पातं आणि ब्रेक क्लीनर. हेडमध्ये कचरा पडू नये म्हणून चिंध्या भरून ठेवल्या होत्या (मोजून भरल्या, मोजून काढल्या). नवं रबरी पॅकिंग कव्हरच्या खाचेत बसवलं, प्लगच्या विहिरींची चारही सीलं बदलली कारण दोन नंबरच्या विहिरीत ऑइल साठायला लागलं होतं, गाडी अधूनमधून मिसिंग मारायची ते यामुळेच असावं. आरटीव्ही (सिलिकॉन सीलंट) फक्त कॅमच्या अर्धगोलाच्या कोपऱ्यांवर, मुगाच्या दाण्याएवढं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आडवेतिडवे, दोन फेऱ्यांत. मॅन्युअलमध्ये १० न्यूटन-मीटर लिहिलंय, टॉर्क रेंचने केलं आणि खरं सांगतो हाताला वाटत होतं की सैल राहिलंय.

पाना_दहाचा
शनिवार, संध्याकाळी ७:०२

सगळ्यांना तसंच वाटतं आणि तिथेच घात होतो. अजून पाव फेरी दिली की पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी दबतं आणि दोन बोल्टच्या मध्ये उचललं जातं. आरटीव्ही रात्रभर वाळू दे, उद्याच चालू कर.

चौथा_गिअर
रविवार, सकाळी ११:३०

एका फटक्यात स्टार्ट. टायमिंग लाइटने बघितलं, दोन अंश मागे होतं, फिरवून बरोबर केलं. पन्नास किमी फिरून आलो, वास नाही, पुठ्ठा कोरडा. सगळ्यांचे मनापासून आभार, गिअरबॉक्स आहे तिथेच आहे :)

चौथा_गिअर
तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ९:५०

धागा वर आणतोय. पुन्हा ओलं.

डिस्ट्रिब्युटर कोरडा ठणठणीत आहे. पण टॅपेट कव्हरचा मागचा तोच कोपरा पाझरतोय, आणि आता क्रँकच्या पुढच्या पुलीमागेही ओलसर दिसतंय जे आधी अजिबात नव्हतं. ७०० किमी झाले. मीच काहीतरी चुकवलं का?

घसरगुंडी
मंगळवार, रात्री १०:०२

बोललो होतो, बाटली.

तेलकटहात
बुधवार, सकाळी ७:०५

एका जागी गळलं असतं तर तुझं आरटीव्ही चुकलं म्हटलं असतं. एकदम दोन वेगळ्या जागी, त्यातली एक नवीन, म्हणजे आतून ढकलतंय. डिपस्टिक आपोआप जरा वर आलेली असते का कधी?

पीसीव्ही तू फक्त खुळखुळवून बघितलास ना. चूक माझी, मी तेवढंच सांगितलं. इंजिन आयडलिंगला ठेव, व्हॉल्व्ह कव्हरमधून काढ, नळी लावलेलीच राहू दे, आणि त्याच्या खालच्या तोंडावर बोट ठेव. बोट ओढलं गेलं पाहिजे. मग व्हॉल्व्ह परत बसव आणि ऑइल टाकायचं झाकण काढून त्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून धर. आत ओढला जाऊन खळगा पडला तर छान. फुगला तर आत दाब आहे.

चौथा_गिअर
बुधवार, रात्री ८:३३

काका, हातमोजा फुगला. पाची बोटं उभी राहिली, "थांबा" म्हणून हात दाखवल्यासारखी.

व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवलं तर काहीच ओढ नाही. नळी काढली. बाहेरून अगदी धडधाकट दिसते, पण वळणावर दाबली तर कडक लागली, कापून बघितली तर आतून काळ्या गाळाने भरलेली, मधोमध टाचणी जाईल एवढं भोक. इनटेक मॅनिफोल्डच्या ज्या नळीवर ती बसते तीही अर्धी बुजलेली. आणि हो, डिपस्टिक नेहमी अर्धा सेंटीमीटर वर असायची, मला वाटायचं तिचं रबर सैल आहे!

म्हणजे माझा खुळखुळणारा व्हॉल्व्ह चांगलाच होता, फक्त कशालाच जोडलेला नव्हता.

सील_लावते
बुधवार, रात्री ९:००

आता सगळं जुळतं. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये येतोच, नव्या इंजिनातही येतो. त्याला बाहेर जायला मुख्य वाट तीच नळी. ती बुजली की तो सीलांच्या ओठांतून वाट काढतो. तुमच्याकडे आधी डिस्ट्रिब्युटरची फुटकी ओ-रिंग आणि जुनं पॅकिंग याच त्याच्या वाटा होत्या. त्या तुम्ही छान बंद केल्या, मग त्याने क्रँकचं पुढचं सील शोधलं.

नळी बदलताना साधी पाण्याची नळी घालू नका, ऑइलची वाफ आणि आतली ओढ दोन्ही सोसणारी हवी, नाहीतर ती आत चपटी होते.

तेलकटहात
बुधवार, रात्री ९:१८

नळी आणि व्हॉल्व्ह दोन्ही नवे टाक, व्हॉल्व्ह चांगला असला तरी. मॅनिफोल्डची नळी साफ करताना गाळ आत ढकलू नकोस, ओढून काढ. मग पुन्हा हातमोजा. तरीही फुगला तर कॉम्प्रेशन टेस्ट, मग विषय रिंगांचा आणि तो मोठा विषय. पण निळा धूर नाही म्हणतोस, बहुतेक तिथे जाणार नाही.

जुन्या गाड्यांची एक मजा सांगतो. ब्रिटनच्या ऑस्टिन कंपनीचं ए-सीरिज इंजिन, १९५१ साली आलेलं, पुढे मॉरिस मायनरमध्येही असायचं, त्यात क्रँकच्या मागच्या बाजूला रबरी सील नव्हतंच. क्रँकवर उलट्या आट्यांची खाच, फिरता फिरता ती ऑइल परत आत ओढायची. ब्रीदर तुंबला की ते ओढणं हरायचं आणि क्लच ऑइलने भिजायचा. तेव्हाही आधी ब्रीदरच बघायचे.

चौथा_गिअर
रविवार, संध्याकाळी ५:२०

नळी, व्हॉल्व्ह नवे. मॅनिफोल्डच्या नळीतला गाळ वाकवलेल्या तारेने ओढून काढला, चमचाभर निघाला. हातमोजा आता आत खेचला जातो, बोटांसकट. आयडलिंगही थोडं शांत वाटतंय. टॅपेट कव्हरचा कोपरा नुसता पुसून घेतला, पॅकिंगला हात लावला नाही.

चौथा_गिअर
दीड महिन्याने, शनिवार, सकाळी १०:०५

हिशोब द्यायचा राहिला होता. १३०० किमी. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघितली, पातळी दोन-तीन मिलिमीटर खाली. माझ्या गाडीत वरची खूण ते खालची खूण म्हणजे एक लिटर, त्यामुळे फार तर १०० मिली गेलं असेल, आधी एवढ्या अंतरात साडेसहाशे जायचं. टॅपेट कव्हरचा कोपरा आपोआप कोरडा राहिलाय. पुढच्या पुलीमागे पुसून ठेवलं होतं, पुन्हा ओलं झालेलं नाही. चेंबरच्या जोडाचा ओलसरपणा तसाच आहे, तो काढू का?

तेलकटहात
शनिवार, सकाळी १०:३०

थेंब पडत नाही ना? मग राहू दे. पुसून ठेव आणि महिन्याला एकदा बघ. २१ वर्षांच्या इंजिनाला थोडा घाम यायचाच. पुढे कधी टायमिंग बेल्टचं काम निघालं तर क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं सील त्यातच करून घे, तेव्हा ते उघडंच असतं.

सील_लावते
शनिवार, सकाळी १०:५२

एक राहिलं. इतके महिने ऑइल ज्याच्यावर पडत होतं ते रबरी भाग बघितलेत का? डिस्ट्रिब्युटरच्या खाली गिअरबॉक्सकडचं इंजिन माउंटिंग येतं बहुतेक गाड्यांत, ऑइलने ते रबर फुगतं आणि मऊ पडतं. ड्राइव्ह शाफ्टचे बूटही बघा.

चौथा_गिअर
शनिवार, सकाळी ११:४०

आत्ताच खाली जाऊन आलो. बूट ठीक आहेत. माउंटिंगला अंगठा दाबला तर शिळ्या भाकरीऐवजी ताज्या पिठासारखा आत गेला. तरीच रिव्हर्स टाकताना धक्का बसतो. त्याचा वेगळा धागा काढतो.